घरातला सिनेमा नक्की कुणाचा?

घरबसल्या सिनेमा पाहण्याच्या आपल्या सवयीला २०१६ साली मोठं वळण लागलं. जानेवारीत नेटफ्लिक्स भारतात आलं. फेब्रुवारीअखेर मुंबईत काळा घोड्याचं ‘ऱ्हिदम हाउस’ बंद झालं. तबकडीपासून डीव्हीडीपर्यंत साऱ्या पिढ्या त्या दुकानाच्या काउंटरवरून गेल्या होत्या. जुलैत जपानच्या फुनाई कंपनीनं व्हीसीआर बनवणं थांबवलं आणि जगात नवा व्हीसीआर तयार होणंच संपलं. सप्टेंबरात जिओ आलं, डिसेंबरात प्राइम व्हिडिओ. वर्ष सरेपर्यंत सिनेमा विकत घेऊन घरात ठेवायची सवय सुटत चालली होती आणि दरमहा वर्गणी भरायची सवय लागत होती.

या बदलानं दिलं पुष्कळ. इराणी, कोरियन, मल्याळी चित्रपट पाहायला पूर्वी फिल्म सोसायटीचं सभासद व्हावं लागे, तेही पुण्या-मुंबईत राहत असाल तर. आज ते चिपळुणात आणि परभणीत दिसतात. पण या देवघेवीत आपण काय देऊन बसलो, याचा हिशेब मराठीत फारसा कुणी मांडलेला नाही. आपण मालकी दिली. ती किती मोलाची होती हे मराठी सिनेमाच्या बाबतीत फार लवकर कळेल, अशी मला काळजी वाटते. म्हणून हा आढावा.

घरात सिनेमा शिरला तो भाड्यानं. १९८२च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांनी रंगीत टीव्ही आणला आणि त्याच्या मागोमाग व्हीसीआर. यंत्र महाग, विकत घेणं सगळ्यांना परवडणारं नव्हतं. मग चाळीत किंवा सोसायटीत वर्गणी काढून एका रात्रीपुरता व्हीसीआर आणायचा, सोबत तीन कॅसेट घ्यायच्या आणि पहाटेपर्यंत तिन्ही संपवायच्या. चित्रात पांढऱ्या रेघा आल्या की ट्रॅकिंगची कळ फिरवायची. त्यानंही भागलं नाही तर घरातला जाणता माणूस झाकण उघडून स्पिरिट लावलेल्या कापडानं हेड पुसायचा.

भाड्यानं पुस्तकं देणारी वाचनालयं आपल्याकडे होतीच. दिवाळी अंकही आपण तिथूनच आणत आलो. त्याच काउंटरवर कॅसेट येणं स्वाभाविक होतं. आज मोठी असलेली शेमारू कंपनी १९६२ साली मुंबईत भाड्यानं पुस्तकं देणारं वाचनालय म्हणूनच सुरू झाली आणि १९७९मध्ये व्हिडिओच्या धंद्यात उतरली.

परदेशी गेलेल्या मराठी माणसाची अडचण निराळी होती. दादरहून नेलेली कॅसेट अमेरिकेतल्या व्हीसीआरवर चालत नसे, कारण आपली पद्धत पाल आणि त्यांची एनटीएससी. ती तिकडे कुणाकडून तरी बदलून घ्यावी लागे. तेवढा खटाटोप करूनही माणसं कॅसेट नेत, कारण न्यू जर्सीत मराठी नाटक पाहण्याचा दुसरा रस्ताच नव्हता.

खरी मालकी आली ती व्हीसीडीबरोबर. १९९३ सालचं हे तंत्र पाश्चात्त्य देशांत कधी रुजलंच नाही, पण आशिया खंडानं उचलून धरलं. एका चकतीवर जेमतेम ७४ मिनिटं मावत, म्हणून सिनेमा दोन चकत्यांत आणि लांबला तर तिसरीत. मध्यंतर कुठे व्हावं हे दिग्दर्शकाऐवजी चकती ठरवे. चित्र ३५२ गुणिले २८८ बिंदूंचं, म्हणजे एकूण लाखभर ठिपके. ओरखडा पडला की चित्राचे चौकोन होऊन सिनेमा जागच्या जागी थिजे. मग चकती मधून कडेकडे पुसायची, गोल पुसायची नाही, हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक होतं.

तरीही मराठी घरासाठी व्हीसीडी ही मोठी गोष्ट होती, आणि तिचं श्रेय तिला मिळालेलं नाही. मराठी नाटकं, एकपात्री प्रयोग, कीर्तनं, बालनाट्यं पहिल्यांदा घराघरात गेली ती या चकत्यांवरून. ज्या गावात नाट्यगृह नव्हतं तिथे संगीत नाटक पोचलं. अनेक प्रयोगांचं चित्रण केवळ व्हीसीडी विकली जाईल या भरवशावर झालं. त्यातले बरेच नट आता हयात नाहीत, आणि त्यांचं रंगमंचावरचं काम त्या लाखभर ठिपक्यांतच उरलं आहे.

पुढे डीव्हीडीनं ठिपके चौपट केले, आणि २००७च्या सुमारास मोझर बेअरनं किंमतच पाडली. कोऱ्या चकत्या बनवणारी ही दिल्लीची कंपनी. तिनं चित्रपटांचे हक्क घेतले आणि व्हीसीडी २८ रुपयांना, डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली. चांगल्या थिएटरच्या तिकिटाहून स्वस्त, तेही रीतसर. कागदी पाकिटातल्या चोरट्या चकतीशी एवढ्या जिद्दीनं झुंजलेला दुसरा उद्योग मला आठवत नाही. स्टेशनवरच्या टपरीपासून किराणा दुकानापर्यंत सिनेमा टांगलेला दिसू लागला. २०१८मध्ये ही कंपनी अवसायनात निघाली. तोवर गिऱ्हाईक मोबाइलवर गेलं होतं.

या स्वस्ताईला एक काळी बाजू होती. आपल्याकडच्या कंपन्यांनी चकतीची गुणवत्ता कधी मनावर घेतली नाही. एका डीव्हीडीवर तीन-तीन सिनेमे कोंबले. चित्राच्या कोपऱ्यात अख्खा वेळ कंपनीची मुद्रा ठेवली. मूळ निगेटिव्ह शोधायच्या ऐवजी हाताशी असलेल्या झिजलेल्या टेपवरूनच प्रती काढल्या. डीव्हीडी म्हणजे वाईट चित्र अशी पक्की समजूत झालेल्या पिढीनं पुढे ती माळ्यावर टाकून दिली, यात त्या पिढीचा दोष नाही.

मधली काही वर्षं विसरून चालणार नाही. २०१०च्या आगेमागे तालुक्याच्या गावी मोबाइल रिचार्जच्या दुकानात मेमरी कार्ड ‘भरून’ मिळे. कार्ड द्यायचं, अर्ध्या तासानं यायचं. गाणी, सिनेमे, तमाशाची बारी, सगळं त्यात. यातलं जवळपास काहीच कायदेशीर नव्हतं आणि निर्मात्याला त्यातून छदामही मिळत नव्हता. पण प्रेक्षकाला काय हवं होतं हे त्यातून स्वच्छ दिसत होतं. त्याला इंटरनेटशिवाय चालणारी, शेजाऱ्याला देता येणारी फाइल हवी होती. तशी फाइल वाजवी पैशांत विकायचे प्रयत्न आपल्याकडे फार थोडे झाले. फ्लिपकार्टनं २०१२मध्ये ‘फ्लाइट’ नावानं गाण्यांचं दुकान उघडलं आणि २०१३च्या जूनमध्ये बंद केलं. त्या गाण्यांना कुलूप नव्हतं, म्हणून ज्यांनी ती उतरवून ठेवली त्यांच्याकडे ती दुकान गेल्यावरही राहिली. सिनेमाच्या बाबतीत तेवढंही घडलं नाही.

आज ॲपमधलं ‘डाउनलोड’चं बटण दाबलं की काय होतं? सिनेमा फोनमध्ये येतो खरा, पण कुलूपबंद येतो. किल्ली कंपनीच्या सर्व्हरवर असते आणि ती ठरावीक मुदतीची असते. मुदत संपली, वर्गणी थांबली किंवा त्या सिनेमाचा करार संपला, तर फोनमधली फाइल असून नसल्यासारखी. पूर्ण किंमत मोजून ‘विकत घेतलेल्या’ डिजिटल सिनेमाचीही गत फार वेगळी नाही. २०२२च्या ऑगस्टअखेर सोनीच्या प्लेस्टेशन दुकानातून जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या गिऱ्हाइकांनी विकत घेतलेले स्टुडिओकॅनालचे चित्रपट त्यांच्या संग्रहातून काढले गेले. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५पासून कायदाच लागू झाला: गिऱ्हाइकाला फक्त परवाना मिळणार असेल, तर ते स्पष्ट सांगितल्याशिवाय दुकानाला तो व्यवहार खरेदी म्हणून दाखवता येत नाही. आपल्याकडे असा कायदा व्हायला हवा, आणि लवकर व्हायला हवा.

वर्गणीवरच्या सिनेमाला तर एवढाही आधार नाही. डिस्नेनं ‘क्रेटर’ हा चित्रपट २०२३च्या मे महिन्यात आपल्या मंचावर आणला आणि सातव्या आठवड्यात काढून टाकला. जानेवारी २०२४मध्ये तक्रारी झाल्यावर ‘अन्नपूर्णी’ हा तमिळ चित्रपट नेटफ्लिक्सवरून उतरवला गेला. तो बरा की वाईट, हे ठरवायची संधी त्यानंतर तिथल्या प्रेक्षकाला उरली नाही. याहून मला अस्वस्थ करतो तो गुपचूप बदल. १९७१चा ‘द फ्रेंच कनेक्शन’ हा ऑस्कर मिळवलेला चित्रपट. २०२३मध्ये त्याच्या ऑनलाइन प्रतीतून काही सेकंदांचा भाग कापला गेल्याचं प्रेक्षकांच्याच ध्यानात आलं. त्यांच्या ध्यानात आलं, कारण काहींकडे जुनी चकती होती आणि ती लावून पडताळता आलं.

आता चित्राकडे येऊ, कारण ‘फोर-के आहे’ म्हटलं की बोलणं तिथेच संपतं. ठिपक्यांची संख्या ही अर्धीच गोष्ट. दर सेकंदाला किती माहिती येते, ही उरलेली अर्धी. इंटरनेटवरून सेकंदाला ५ मेगाबिटनं येणारा दोन तासांचा सिनेमा भरतो साधारण साडेचार जीबी. तोच सिनेमा ब्लू-रे चकतीवर २५ मेगाबिटनं ठेवला तर साडेबावीस जीबी. ठिपके दोन्हीकडे सारखेच, वीस लाखांच्या वर. मग मधले अठरा जीबी जातात कुठे? फाइल लहान करणारी यंत्रणा बहुतेक चौकटींत फक्त ‘आधीच्या चौकटीहून काय बदललं’ एवढंच जपते. जुन्या फिल्मवरचे बारीक कण तर प्रत्येक चौकटीत बदलतात. ते जपायला जागा पुरत नाही, म्हणून ते पुसले जातात. अंधाऱ्या दृश्यात काळ्याच्या छटा जाऊन पट्टे दिसतात, चेहऱ्याची कातडी मेणासारखी गुळगुळीत होते. आजच्या झगझगीत डिजिटल चित्रपटात हे फारसं खुपत नाही. कृष्णधवल चित्रपटात खुपतं, आणि आपला सगळ्यात मोठा ठेवा कृष्णधवल आहे.

दामले-फत्तेलालांचा १९३६चा ‘संत तुकाराम’ घ्या, व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेलेला. त्याची चौकट जवळपास चौकोनी. टीव्हीवर आणि इंटरनेटवर फिरणाऱ्या कित्येक प्रतींत ती दोन्ही बाजूंनी ओढून आडव्या पडद्याएवढी केलेली असते. विष्णुपंत पागनीसांचा तो निवांत, लांबट चेहरा रुंद होतो, जिजाईचे हात आखूड दिसतात, आणि नवा प्रेक्षक ठरवतो की जुने सिनेमे असेच बेढब असायचे. अशी प्रत हाती आली तर टीव्हीच्या रिमोटवर चित्राची मापं बदलून ४:३ करा, चेहरा जागेवर येतो. आपल्या कायद्यानं चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर ६० वर्षांनी संपतो, म्हणजे ‘संत तुकाराम’ काढणाऱ्या प्रभात कंपनीचं सारं वैभव आता जनतेचं आहे. कुणीही चांगली प्रत काढून विकू शकतो, आणि तरी बहुतेकांच्या नशिबी येते ती ताणलेली प्रत.

सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीचं काय झालं ते पाहा. १९९३मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेला आग लागली आणि मूळ निगेटिव्ह भाजून निघाल्या. पुढे वाचलेले तुकडे आणि जगातल्या वेगवेगळ्या संग्रहांतल्या प्रती जमवून इटलीत बोलोन्याला एकेक चौकट सांधली गेली. २०१५मध्ये ते चित्रपट पुन्हा पडद्यावर आले आणि मग क्रायटेरियन कंपनीच्या ब्लू-रे चकत्यांवर. बंगाली माणसाला ते आज पुस्तकासारखे कपाटात ठेवता येतात. पुण्यात ८ जानेवारी २००३ला फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली, त्यात मूकपटांच्या आणि प्रभातकाळाच्या मूळ फिल्म गेल्या. दोन आगींतला धडा एकच आहे: ज्याच्या प्रती अनेक ठिकाणी असतात ते वाचतं. सिनेमाची फाइल एकाच कंपनीच्या सर्व्हरवर ठेवणं हे याच्या नेमकं उलट आहे.

चैतन्य ताम्हाणेचा ‘द डिसायपल’ मला या संदर्भात सारखा आठवतो. व्हेनिसला पटकथेचं पारितोषिक मिळवून हा मराठी चित्रपट २०२१च्या एप्रिलमध्ये नेटफ्लिक्सवर आला. त्याचा नायक दुर्मीळ ध्वनिमुद्रणांच्या मागे आयुष्य लावतो, रात्री मोटारसायकलवरून जाताना कानात एका गायिकेचा जुना आवाज ऐकत राहतो. तो आवाज टिकतो, कारण कुणीतरी टेप जपलेली असते. हा चित्रपटही तसाच कुणाच्या तरी कपाटात असावा, असं मला मनापासून वाटतं.

चकतीची बाजू घेताना तिचे आजार लपवण्यात अर्थ नाही. कोकणातल्या आणि मुंबईतल्या पावसाळ्यात व्हीएचएस टेपच्या कडेला पांढरी बुरशी धरते. अशी टेप यंत्रात घातली तर यंत्रही बिघडतं. घरी ‘राइट’ केलेल्या चकतीतला रंगद्रव्याचा थर काही वर्षांत फिका पडतो. कारखान्यात छापलेली चकती त्याहून पुष्कळ टिकते, पण तीही अमर नाही. २००६ ते २००८च्या काळातल्या वॉर्नरच्या काही डीव्हीडी आतून खराब झाल्याचं कंपनीनंच २०२५मध्ये मान्य केलं. त्यात प्लेअर बनवणारे कमी होत चालले: २०१८मध्ये ओप्पो, २०१९मध्ये सॅमसंग, २०२४अखेर एलजी यातून बाहेर पडले. नेटफ्लिक्सनंही ज्या डीव्हीडीच्या टपाली धंद्यावर पाया घातला, तो २९ सप्टेंबर २०२३ला शेवटची चकती पाठवून गुंडाळला. चकतीचे ते दिवस परत येणार नाहीत.

म्हणून माझा आग्रह चकतीपेक्षा मालकीसाठी आहे. कुलूप नसलेली, चांगल्या प्रतीची फाइल पैसे मोजून मिळाली तर ती चकतीइतकीच माझी. मराठी निर्मात्यांना माझं सांगणं आहे की, मंचाशी करार करताना काही वर्षांनी सिनेमा स्वतः विकायचा हक्क आपल्याकडे ठेवा. दोन-तीनशे रुपयांत नीट मापाची, उपशीर्षकं असलेली प्रत विकायला काढा. चोरीची भीती असते हे खरं, पण चोरी करणाऱ्याला कुलूप आजही अडवत नाही. अडतो तो पैसे देणारा.

आणि वाचकांना विनंती. घरातल्या चकत्या भंगारात घालण्याआधी एकदा उघडून पाहा. व्हीसीडीला कुलूप नसतं. संगणकात घातली की ‘एमपीईजीएव्ही’ नावाच्या फोल्डरमध्ये ‘डीएटी’ फाइल दिसते, ती घरापुरती जशीच्या तशी उतरवून ठेवता येते आणि व्हीएलसीवर चालते. सुरुवात मात्र लग्नाच्या, मुंजीच्या, गॅदरिंगच्या व्हीएचएस टेपपासून करा, कारण त्यांची दुसरी प्रत जगात कुठेही नाही. मग घरी राइट केलेल्या चकत्या, मग नाटकांच्या व्हीसीडी, सिनेमे सर्वांत शेवटी. तीन प्रती करा, दोन वेगळ्या साधनांवर ठेवा आणि त्यातली एक दुसऱ्या घरी ठेवा. टेप उतरवून देणारे फोटो स्टुडिओ शहरांतून अजून आहेत. त्यांची यंत्रं जुनी आहेत आणि सुटे भाग मिळेनासे झाले आहेत, तेव्हा हे काम पुढच्या दिवाळीवर टाकू नका.