रॉकेलचा वास आणि उन्हाचा हिशेब

रीसलिंगची जुनी बाटली उघडली, की वाइनचे जाणकार पेला नाकाशी नेतात आणि समाधानानं म्हणतात, रॉकेल! ही तक्रार नसते. रॉकेलसारखा हा वास कुणी वाइनमध्ये घातलेला नसतो. तो द्राक्षाच्या सालीवर पडलेल्या उन्हातून आलेला असतो, आणि विज्ञानानं त्याचा माग रेणूपर्यंत काढला आहे.

रीसलिंग हे पांढरं द्राक्ष जर्मनीतल्या ऱ्हाइन खोऱ्यातलं. रुसेल्सहाइमच्या सरदाराच्या १४३५ सालच्या हिशेबात २२ शिलिंगांना घेतलेल्या रीसलिंगच्या वेलींची नोंद आहे. आज ते फ्रान्सच्या अल्सास प्रांतात, ऑस्ट्रियात, ऑस्ट्रेलियात, न्यूयॉर्क राज्यातल्या फिंगर लेक्स भागात आणि आपल्या नाशिकमध्येही पिकतं. ही वाइन सहसा नव्या ओकच्या पिंपात मुरवत नाहीत, त्यामुळे लाकडाचा वास द्राक्षावर चढत नाही. म्हणूनच वेगवेगळ्या प्रदेशांतल्या रीसलिंग शेजारी ठेवून चाखणं हा हवामान जिभेनं वाचण्याचा उत्तम मार्ग आहे, असं मला वाटतं.

सुरुवात जर्मनीतल्या मोसेलपासून करावी. या नदीकाठचे मळे ५० अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहेत. ब्रेम गावाजवळचा काल्मोंट हा उतार काही ठिकाणी ६० अंशांहून अधिक कललेला आहे. तिथं बहुतेक काम हातानंच करावं लागतं. एवढ्या उत्तरेला सूर्य खाली असतो, आणि उभ्या चढणीवर त्याची किरणं अधिक सरळ पडतात, म्हणून हा खटाटोप. तरीही थंडी ती थंडीच. द्राक्षात मुख्यतः दोन आम्लं असतात. चिंचेतलं टार्टारिक आम्ल उष्णतेला सहसा दाद देत नाही. दुसरं मॅलिक, म्हणजे हिरव्या सफरचंदातलं; आपल्याकडे हरभऱ्याच्या पानांवर जमणाऱ्या आंबेतही ते असतं. पिकताना वेल हे मॅलिक आम्ल श्वसनात खर्च करते, आणि हवा जितकी गरम तितका हा खर्च जास्त. मोसेलच्या गारव्यात ते बरंच शिल्लक राहतं.

एवढ्या आंबटपणाला तोलायला मोसेलचे वाइनकार अनेकदा यीस्टचं काम मध्येच थांबवतात. टाकी गार केली, की यीस्ट मंदावतं आणि साखर उरते. तिथल्या ‘काबिनेट’ दर्जाच्या वाइनमध्ये लिटरमागे ४० ग्रॅमच्या आसपास साखर असू शकते, तरी ती पाकासारखी गोड लागत नाही, कारण साखर आणि आम्ल एकमेकांची चव दाबतात. रीसलिंग म्हणजे गोड वाइन, असं म्हणून ती बाजूला सारणाऱ्यांनी हा समतोल एकदा तरी चाखावा. एक टक्का अल्कोहोल तयार व्हायला लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखर लागते. त्यामुळे लेबलवर ८ टक्के असेल, तर बरीच साखर बाकी आहे असं समजावं. १२ किंवा त्याहून जास्त असेल, तर ती बहुधा कोरडी, म्हणजे साखर जवळजवळ न उरलेली.

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर व्हॅलीची रीसलिंग अशीच कोरडी. दिवसा कडक ऊन, पण मळे समुद्रसपाटीपासून ४००-५०० मीटरवर, म्हणून रात्री गार. तिच्यात लिंबाच्या सालीचा लख्ख वास येतो, आणि रॉकेलचा वास मोसेलपेक्षा कितीतरी लवकर डोकं वर काढतो.

या वासाच्या रेणूचं लांबलचक नाव आखडून टीडीएन म्हणतात. डांबरगोळ्यांमधल्या नॅफ्थलीनशी त्याचं रासायनिक नातं आहे. ऊन लागलं, की द्राक्ष कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांच्या मदतीनं स्वतःचा बचाव करतं. पुढे ही द्रव्यं तुटतात, त्यांचे तुकडे साखरेला बांधले जातात आणि बिनवासाचे होऊन रसात बसतात. मग बाटलीतलं आम्ल वर्षानुवर्षं ती गाठ सैल करत राहतं आणि टीडीएन मोकळं होतं. घडाभोवतीची पानं काढून टाकली, तर ते वाढतं. ऊन थेट फळावर येतं ना! २०१२ साली कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं, की लिटरमागे दोन मायक्रोग्रॅम टीडीएनही नाकाला कळतं. म्हणजे दहा लाख लिटर वाइनमध्ये अवघे दोन ग्रॅम! क्लेअरच्या अनेक उत्पादकांनी २००० सालच्या हंगामापासून बुचाऐवजी फिरकीचं झाकण स्वीकारलं. बूच टीडीएन शोषून घेतं, हे झाकण घेत नाही. त्यामुळे बाटली कशी बंद केली, यावरही हा वास अवलंबून असतो.

मोसेलच्या वाइनमध्ये पाटीच्या दगडाची चव येते, हा दावा मात्र जपून घ्यावा. तिथली जमीन खरोखरच पाटीच्या दगडाची आहे. पण दगडातली खनिजं पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत आणि त्यांना चवही नसते, हे वेल्समधले भूशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स माल्टमन यांनी वारंवार मांडलं आहे. काळा दगड दिवसा तापतो, पाण्याचा निचरा करतो आणि द्राक्ष पिकायला मदत करतो. त्याचं श्रेय इथपर्यंतच.

नाशिक २० अंश उत्तरेला, मोसेलच्या अगदी उलट टोकाला. इथं एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये छाटणी करून वाइनच्या द्राक्षांची काढणी जानेवारी ते मार्चमध्ये आणली जाते, म्हणजे फळ थंडीत पिकतं. सुला कंपनी इथं रीसलिंग बनवते. तिकडे जर्मनीत थंडीच आता कमी पडू लागली आहे. तिथली ‘आइसवाइन’ उणे सात अंशांत वेलीवरच गोठलेल्या द्राक्षांपासून होते. २०१९ च्या हंगामात देशभरात कुठेही ती काढणी साधली नाही.

तुलना करायची तर मोसेलची काबिनेट आणि क्लेअरची कोरडी, अशा दोन बाटल्या पुरेशा आहेत. जमल्यास तिसरी नाशिकची घ्या. सगळ्या ८ ते १० अंशांवर गार करा, पेले एकसारखे ठेवा, बाटल्या कागदात गुंडाळून दुसऱ्याला ओतायला सांगा. आधी कोरडी चाखा, गोड शेवटी. घोट गिळल्यावर गालांच्या आत पाणी किती सुटतं आणि किती वेळ सुटत राहतं, त्याकडे लक्ष द्या. आंबटपणाचा तो सर्वांत प्रामाणिक पुरावा. मग प्रदेशाचा अंदाज कागदावर लिहा, आणि त्यानंतरच लेबलवरचा अल्कोहोलचा आकडा बघा.