किल्लारी

महाराष्ट्र राज्याच्या लातूर जिल्ह्यातील एक खेडे आणि १९९३ च्या विनाशकारी भूकंपामुळे जगभर परिचित झालेले ठिकाण. ते औसा तालुक्यात, लातूर शहराच्या दक्षिणेस सुमारे ४० किमी. अंतरावर, तेरणा नदीच्या खोऱ्यात वसले आहे. परिसरातील जमीन काळी, कसदार असून रब्बी ज्वारी, तूर, मूग, उडीद ही येथील परंपरागत पिके होत. पुढे ऊस व सोयाबीन यांची लागवड वाढली. जुन्या गावातील नीळकंठेश्वराचे मंदिर हे येथील प्रमुख श्रद्धास्थान होय.

किल्लारीचा प्रदेश पूर्वी हैदराबाद संस्थानच्या उस्मानाबाद (धाराशिव) जिल्ह्यात मोडत असे. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९८२ मध्ये लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाल्यावर औसा तालुका त्यात समाविष्ट करण्यात आला.

जुने गाव मराठवाड्यातील ग्रामरचनेचा नमुनाच होते. अरुंद बोळ, एकमेकांना भिडलेली घरे, भावकी व जाती यांनुसार पडलेल्या गल्ल्या आणि पार व देऊळ ही एकत्र येण्याची ठिकाणे, असे त्याचे स्वरूप होते. सधन शेतकऱ्यांचे वाडे दगडमातीचे असत. ओबडधोबड दगड मातीच्या गाऱ्यात रचून पाऊण मीटर किंवा त्याहूनही जाड भिंती उभारीत. लाकडी खांब व तुळयांवर फळ्या घालून त्यांवर मातीचे जाड थर पसरीत. या छतास माळवद म्हणतात. घराचा आकार खांबांमधील खणांच्या संख्येवरून सांगितला जाई. अशी घरे उन्हाळ्यात थंड राहत व चोरदरोड्यांपासून संरक्षण देत. वर्षानुवर्षे गळती थांबविण्यासाठी माळवदावर नवी माती टाकली जात असल्याने छताचा भार मात्र वाढत गेला.

ऑक्टोबर १९९२ मध्ये या भागात भूकंपाचे लहान धक्के जाणवले होते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६·२ परिमाणाचा भूकंप झाला. गणेशविसर्जनानंतरची ती रात्र होती व बहुतेक लोक घरांत झोपलेले होते. अधिकृत आकडेवारीनुसार लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत ७,९२८ लोक मृत्युमुखी पडले. ५२ गावे पूर्णतः उद्ध्वस्त झाली. भक्कम समजल्या जाणाऱ्या जाड भिंती ढासळून अनेक जण दगडमातीखाली गाडले गेले. गरिबांच्या हलक्या छपरांच्या झोपड्यांत त्यामानाने कमी हानी झाली.

दख्खनचे पठार तोपर्यंत भूकंपदृष्ट्या स्थिर मानले जाई व हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या विभागात गणला जात होता. खंडाच्या अंतर्भागातील अशा भूकंपाचे उदाहरण म्हणून किल्लारीचा भूकंप अभ्यासिला जातो. येथे ६१७ मी. खोल वेधन करण्यात आले. त्यात सुमारे ३३८ मी. जाडीच्या बेसाल्ट थराखाली प्राचीन ग्रॅनाइटी पायाखडक आढळला. २००२ च्या भूकंप विभागणीत हा प्रदेश तिसऱ्या विभागात घालण्यात आला.

जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्र शासनाने हाती घेतलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात किल्लारीसह उद्ध्वस्त गावे नव्या जागी वसविण्यात आली. भूमिहीन व एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना २५० चौ. फुटांचे, एक ते सात हेक्टर जमीन असणाऱ्यांना ४०० चौ. फुटांचे व त्याहून अधिक जमीन असणाऱ्यांना ७५० चौ. फुटांचे घर, असे प्रमाण ठरविण्यात आले. घरे सुटी व भूकंपरोधक, तर रस्ते रुंद व सरळ ठेवण्यात आले. मात्र धारण क्षेत्रानुसार घरे वाटल्याने पुनर्वसित गावांत जुने शेजार व भावकीच्या वस्त्या विखुरल्या. गुरे बांधण्यास, धान्य व अवजारे ठेवण्यास आणि ओसरीवर बसण्या-उठण्यास जागा अपुरी पडल्याने अनेकांनी नव्या घरांना पत्र्याची शेड व आडभिंती जोडल्या. विस्तृत गावठाणामुळे एका टोकाहून दुसऱ्या टोकापर्यंतची पायपीटही वाढली.

गाव म्हणजे घरांची संख्या नव्हे, तर शेती, शेजार व आप्तसंबंध यांची दीर्घकाळ घडलेली जुळणी होय, ही गोष्ट या स्थलांतराने स्पष्ट केली. त्याचबरोबर परंपरेने सुरक्षित मानलेली बांधणी घातक ठरू शकते, हेही येथेच दिसून आले. भूकंपातील मृतांचे स्मारक किल्लारीत असून दरवर्षी ३० सप्टेंबरला त्यांना श्रद्धांजली वाहण्यात येते.