तास आधी, पैसे नंतर

फोक्सवॅगनने डिसेंबर २०२४मध्ये कामगार संघटनेशी करार केला आणि २०३०पर्यंत जर्मनीतल्या ३५ हजारांहून अधिक जागा कमी करायचं ठरलं. सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्यांतही कपात चालूच आहे. पुण्यातल्या कारखान्यांतून आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतून श्टुटगार्ट, म्युनिककडे गेलेली बरीच मराठी मंडळी याच उद्योगात आहेत. त्यातल्या अनेकांचं नोकरीच्या जोडीला काही ना काही स्वतःचं चालू असतं. कुणी दुकानदारांना वेबसाइट करून देतं, कुणी ऑनलाइन शिकवण्या घेतं, कुणी शनिवार-रविवारी डबे आणि पार्टीच्या ऑर्डरी. नोकरी गेल्यावर पहिला प्रश्न येतो तो असा: हे चारपाचशे युरो येत असताना बेकारी भत्ता मिळतो का? मिळतो. मात्र बहुतेक जण पैशाची काळजी करत बसतात आणि घात होतो तो तासांत.

आधी एक लक्षात घेऊ. हा भत्ता, म्हणजे ‘आर्बाइट्सलोझनगेल्ड’, विम्याचा दावा आहे. हा विमा जर्मनीत १९२७ सालापासून आहे आणि आज पगाराच्या २.६ टक्के हप्ता कापला जातो, निम्मा तुमचा, निम्मा मालकाचा. मागच्या ३० महिन्यांत किमान १२ महिने हा हप्ता भरलेला असला की हक्क तयार होतो. १२ महिने भरले तर ६ महिने भत्ता, २४ महिने भरले तर १२ महिने. पन्नाशीनंतर मुदत टप्प्याटप्प्याने वाढते आणि ५८ वर्षांनंतर, ४८ महिन्यांचे हप्ते असतील तर, २४ महिन्यांपर्यंत जाते. रक्कम ठरते ती कायद्याच्या ठोकताळ्याने काढलेल्या निव्वळ पगारावर: मूल असेल तर ६७ टक्के, नसेल तर ६०. बाजूच्या धंद्यावर हा हप्ता बसत नाही, म्हणून त्या कमाईने भत्त्याची रक्कमही वाढत नाही.

आता क्रम. नोकरी संपायला तीन महिने असतानाच ‘आगेन्टुअर फ्यूर आर्बाइट’ या रोजगार कचेरीला ‘मी नोकरी शोधतोय’ असं कळवावं लागतं. त्याहून कमी मुदतीत पत्र हातात पडलं तर तीन दिवसांत. चुकलात तर एका आठवड्याचा भत्ता जातो. ही झाली पहिली नोंदणी. दुसरी, प्रत्यक्ष बेकार झाल्याची, उशिरात उशिरा बेकारीच्या पहिल्या दिवशी करायची, कचेरीत जाऊन किंवा इलेक्ट्रॉनिक ओळखपत्र असेल तर ऑनलाइन. या दोन नोंदण्या वेगळ्या आहेत, आणि एक केली म्हणजे दुसरी झाली असं समजणारे पुष्कळ भेटतात. कामावरून काढणं बेकायदा वाटत असेल तर कामगार न्यायालयात जायला पत्र मिळाल्यापासून तीनच आठवडे असतात.

इथे कंपनीची माणसं कित्येकदा दुसरा कागद पुढे करतात: ‘आउफहेबुंग्सफरट्राग’, राजीखुशीने करार मोडल्याचा कागद, सोबत घसघशीत रक्कम. सही करण्याआधी वकिलाला दाखवाच. स्वतः सही करून नोकरी सोडली असं कचेरीने धरलं तर ‘श्पेर्त्साइट’ लागते: १२ आठवडे भत्ता बंद, वर एकूण मुदतीतून किमान एक चतुर्थांश वजा. ३६० दिवसांचा हक्क असेल तर ९० दिवस कायमचे गेले. सही केली नसती तर कंपनीने धंद्याच्या कारणावरून त्याच तारखेला काढलंच असतं, हे दाखवता आलं तर यातून सुटका होऊ शकते, पण ते दाखवायचं ओझं तुमच्यावर येतं. कंपनीने दिलेली भरपाई एरवी भत्त्यातून वजा होत नाही. नोटिशीचा काळ कापून लवकर बाहेर पडलात तर मात्र भत्ता काही काळ थांबवून ठेवतात.

मग येतो अर्ज, आणि त्यात स्वतःच्या धंद्याबद्दलचे प्रश्न. कचेरी दोन गोष्टी विचारते, आणि त्या एकमेकींत मिसळू द्यायच्या नाहीत. पहिली: हा माणूस बेकार आहे का? दुसरी: असेल तर त्याला किती द्यायचं?

पहिल्याचं उत्तर फक्त तासांवर ठरतं. आठवड्याला १५ तासांपेक्षा कमी काम असेल तर तुम्ही बेकार. बरोबर १५ तास झाले तरी बेकार नाही, मग त्या आठवड्यात एक युरोही मिळालेला नसो. उलट दहा तासांत दोन हजार युरो कमावले तरी तुम्ही बेकारच, फक्त भत्त्यातून मोठी रक्कम कापली जाईल. धंदे दोन असतील तर तास एकत्र धरतात. आणि तास म्हणजे गिऱ्हाइकाला बिल लावलेले तास नव्हेत. बाजारहाट, फोन, बिलं करणं, शिकवणीची तयारी हे सगळं मोजलं जातं. डबे देणाऱ्या बाईचा स्वयंपाक सहा तासांचा असला तरी खरेदी, भांडी आणि पोहोचवणं धरून आकडा कुठे जातो ते तिलाच माहीत. म्हणून पहिल्या दिवसापासून वहीत तारीखवार तास लिहून ठेवावेत. कुणी मागेल म्हणून नाही, मागितल्यावर आठवून लिहिलेली वही लगेच ओळखू येते म्हणून.

क्वचित, थोड्या काळासाठी मर्यादा ओलांडली तर कायदा सांभाळून घेतो, पण ती आधीपासून ठरलेली नसावी. दिवाळीत तीन आठवडे दुप्पट ऑर्डरी घ्यायच्या हे सप्टेंबरातच ठरवलं असेल तर त्याला क्वचित म्हणता येणार नाही. असा काळ येणार असेल तर तो आधी कळवायचा, तेवढे दिवस भत्ता सोडायचा आणि पुन्हा सुरू करायचा. सहा आठवड्यांपर्यंतचा असा खंड जुनी नोंदणी पेलते. लपवलं तर मात्र प्रकरण त्या तीन आठवड्यांपुरतं राहत नाही. न कळवता १५ तासांचं काम सुरू केलं तर त्या दिवशी तुमची बेकारीची नोंदणीच रद्द होते. पुढे तुम्ही खरोखर बेकार असलात तरी नव्याने नोंदणी करेपर्यंतचा सगळा भत्ता बेकायदा ठरतो आणि परत मागितला जातो. तीन आठवड्यांच्या ऑर्डरींपायी पाच महिन्यांचे पैसे परत करायची वेळ येते ती या एका कलमामुळे, आणि माझ्या मते या सगळ्या कायद्यात सगळ्यात कमी लोकांना ठाऊक असलेलं कलम हेच.

दुसऱ्या प्रश्नाचं गणित त्या मानाने सोपं आहे. धंद्यात आलेल्या रकमेतून खर्चापोटी सरसकट ३० टक्के वजा करतात. खर्च याहून जास्त असेल तर पावत्या दाखवून तो धरायला लावता येतो, आणि डब्यांच्या धंद्यात तो जास्तच असतो. कर बसत असेल तर तोही वजा. उरलेल्यातले महिन्याला १६५ युरो तुमचे, त्यावरचा प्रत्येक युरो भत्त्यातून कापला जातो. समजा भत्ता १,९०० युरो आहे आणि वेबसाइटचे ६०० आले. ३० टक्के म्हणजे १८० गेले, उरले ४२०. त्यातून १६५ वगळले की २५५. म्हणजे भत्ता १,६४५ युरो.

पण इथे एक सवलत आहे, जी मागितल्याशिवाय हाती लागेलच असं नाही. नोकरी जाण्याआधीच्या १८ महिन्यांत किमान १२ महिने तुम्ही नोकरी सांभाळून हाच बाजूचा उद्योग १५ तासांच्या आत करत असाल, तर १६५ची मर्यादा तुम्हाला लागू नाही. शेवटच्या १२ महिन्यांत त्यातून सरासरी जेवढं मिळत होतं तेवढं पूर्ण माफ. वरच्या उदाहरणात ती सरासरी ४०० असेल तर ४२०मधून फक्त २० कापले जातील आणि भत्ता १,८८० येईल. महिन्याला २३५ युरोंचा फरक. यामागचा विचार सरळ आहे: पगार आणि जोडकमाई मिळून घर चालत होतं, त्यातला पगार गेला, जोडकमाई जुनीच आहे, मग तिला हात का लावायचा? नोकरी जाणार अशी कुणकुण लागल्यावर धंदा उघडणाऱ्याला हे मिळत नाही, बारा महिने भरावे लागतात. आणि ते भरल्याचा पुरावा म्हणजे बिलं, बँकेची नोंद, आयकराचे कागद. रोखीत आणि ओळखीत चाललेल्या धंद्याला ही सवलत सिद्ध करता येत नाही.

भत्ता चालू असताना तुम्ही नोकरीसाठी हजर असायला हवं. नोकरी गेली, आता दोन महिने पुण्याला आईकडे राहून येऊ, हा बेत साहजिक आहे, पण परवानगी घेऊन वर्षात तीन आठवडेच बाहेर राहता येतं, आणि पहिल्या तीन महिन्यांत तेवढंही सहज देत नाहीत.

एखाद्याचा धंदा या काळात खरंच जोर धरतो. तेव्हा १५ तासांच्या आत कोंडून ठेवण्यापेक्षा भत्ता थांबवून पूर्ण वेळ उतरावं. उरलेले दिवस जळत नाहीत, हक्क तयार झाल्यापासून चार वर्षांच्या आत धंदा बुडाला तर परत येऊन ते वापरता येतात. त्या चार वर्षांना मुदतवाढ नाही. उतरतानाच ‘ग्रुंडुंग्सत्सूशुस’ हे व्यवसाय-अनुदानही मागता येतं: सहा महिने भत्त्याएवढी रक्कम आणि वर ३०० युरो, पुढचे नऊ महिने, पुन्हा मागणी केल्यास, नुसते ३००. त्यासाठी भत्त्याचे किमान १५० दिवस शिल्लक हवेत, चेंबर, बँक किंवा कर सल्लागार यांच्यासारख्या जाणकाराने तपासलेली व्यवसाय योजना हवी आणि अर्ज धंदा पूर्ण वेळ करण्याआधी हवा. इतकं करूनही ते देणं-न देणं कचेरीच्या मर्जीवर आहे. आणि त्या सहा महिन्यांत भत्त्याचे शिल्लक दिवसही खर्ची पडतात, म्हणजे हे अनुदान आणि चार वर्षांची राखीव शिदोरी दोन्ही पूर्ण मिळत नाहीत. स्वतंत्र व्यावसायिक म्हणून बेकारी विमा पुढे चालू ठेवायचा असेल तर तो अर्ज पहिल्या तीन महिन्यांत करायचा.

व्हिसावर असलेल्यांसाठी आणखी थोडं. हप्ते भरून मिळवलेला हा भत्ता परवान्याच्या हिशेबात सरकारी मदत धरला जात नाही, त्यामुळे तो घेतल्याने ‘सरकारवर भार’ असा शिक्का बसत नाही. मात्र ब्लू कार्डवाल्याने नोकरी मुदतीआधी संपतेय हे कळल्यापासून दोन आठवड्यांत परदेशी नागरिकांच्या कचेरीला कळवायचं असतं. आणि स्वतःचा धंदा करायला त्याच कचेरीची परवानगी लागते. ती न घेता डबे किंवा वेबसाइट चालवणाऱ्यांना भत्त्याच्या अर्जातला धंद्याचा रकाना अडचणीत आणतो: भरला तर परवानगीचा प्रश्न, कोरा सोडला तर खोटी माहिती. परवानगी नोकरी असताना मागितली तर तुलनेने सहज मिळते, तेव्हा ती तेव्हाच घेऊन ठेवावी.

भत्त्यावर कर नाही, पण तो बाकीच्या उत्पन्नावरचा कराचा दर वर चढवतो. वर्षाला ४१० युरोंहून अधिक भत्ता मिळाला की विवरणपत्र भरणं सक्तीचं होतं, आणि धंद्याची कमाई त्याच विवरणपत्रात त्या चढलेल्या दराने मोजली जाते. त्यासाठी थोडे पैसे बाजूला काढून ठेवलेले बरे.