घरच्या ग्रंथसंग्रहाची जालावरील सूची

ग्रंथसंग्रह काही सहस्रांच्या घरात गेला, कपाटांतून पुस्तकांच्या दुहेरी रांगा लागल्या आणि पदरी असलेलेच पुस्तक पुन्हा विकत आणण्याचे प्रसंग येऊ लागले, म्हणजे संग्राहकास सूचीची निकड भासू लागते. पूर्वी अशी सूची जाड वहीत किंवा कार्डांवर उतरवीत; आता ती महाजालावर ठेवण्याची उत्तम सोय झाली आहे. टिम स्पॉल्डिंग यांनी अमेरिकेत २००५ साली सुरू केलेले ‘लायब्ररीथिंग’ हे संकेतस्थळ तर खास याच कामासाठी आहे. पुस्तकाच्या पाठीवरचा बारकोड मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरला, की ते मोठमोठ्या ग्रंथालयांची दप्तरे धुंडाळून ग्रंथनाम, ग्रंथकार, प्रकाशक आणि वर्ष हा सारा तपशील आपल्या रकान्यांत आणून भरते.

सूची ही संग्रहाहूनही दीर्घायुषी ठरू शकते, याचा एक विलक्षण दाखला अमेरिकेच्याच इतिहासात आहे. १८१४ साली इंग्रजी फौजेने वॉशिंग्टन जाळले, त्यात तेथील काँग्रेसचे ग्रंथालय (लायब्ररी ऑफ काँग्रेस) नष्ट झाले, तेव्हा माजी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी आपला ६,४८७ खंडांचा खासगी संग्रह २३,९५० डॉलरांस राष्ट्राच्या हवाली केला. पुढे १८५१ च्या आगीत त्यातील सुमारे दोनतृतीयांश ग्रंथ भस्मसात झाले, परंतु सूची शिल्लक होती, आणि तिच्या आधारे लायब्ररीथिंगच्या सभासदांनी त्या संग्रहाची मांडणी महाजालावर पुन्हा करून दाखविली.

मराठी संग्राहकाची वाट मात्र इतकी सुगम नाही. बारकोडाचा सारा व्यवहार ज्या आयएसबीएन क्रमांकावर चालतो, त्याचे आंतरराष्ट्रीय मानक १९७० सालचे. प्रथम दहा अंकी असलेला हा क्रमांक २००७ पासून तेरा अंकी झाला, आणि त्यातील ९७८ नंतरचे ८१ किंवा ९३ हे अंक भारतीय प्रकाशनाची खूण होत. जुन्या मराठी घरातील सर्वांत मोलाचा भाग याच्या कितीतरी आधीचा असतो. अशा ग्रंथाचा शोध अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दप्तरात घ्यावा, तर तेथील नोंद बहुधा रोमन लिपीत, टिंबे आणि आडव्या रेघा देऊन केलेली असते. ‘खांडेकर’ या आडनावाच्या अखेरीस तेथे एक जादा ‘ए’ असतो, आणि तो ठाऊक नसेल तर शोध निष्फळ होतो.

सबब येथे ग्रंथ हाती घेऊनच नोंद केली पाहिजे, आणि ती मुखपृष्ठावरून नव्हे, तर आतील शीर्षकपृष्ठावरून व त्याच्या मागील बाजूवरून. तेथे छापखान्याचे नाव आढळते, १८६७ च्या पंचविसाव्या आक्टान्वये पुस्तक नोंदविल्याचा उल्लेख आढळतो, आणि काळ कित्येकदा केवळ शकात दिलेला असतो. शके १८३५ म्हणजे इसवी सन १९१३-१४. ७८ मिळवावेत, आणि पौषाच्या सुमारास इसवी सन पालटल्यावर ७९. महिना दिलेला नसेल तर दोन्ही साले लिहावीत. एकच ठोकून देणे हा सूचीशी अप्रामाणिकपणा होय. टोपणनावांची काळजीही अशीच घ्यावी. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर, गोविंदाग्रज आणि राम गणेश गडकरी ही एकाच व्यक्तीची नावे आहेत, हे आपण जाणतो, परंतु यंत्रास ते सांगितल्याखेरीज कळत नाही, आणि मग एकाच लेखकाची कविता एकीकडे व नाटके दुसरीकडे अशी फारकत होते.

सर्वांत सूक्ष्म अडचण शुद्धलेखनाची आहे. १९६२ च्या नियमांनी मराठीतील अनुच्चारित अनुस्वार गेले; त्यापूर्वीच्या छपाईत मात्र ते सर्वत्र आहेत. हरिभाऊ आपट्यांच्या सुप्रसिद्ध कादंबरीच्या जुन्या प्रतीवर ‘पण लक्षांत कोण घेतो’ असे छापलेले असते, नव्या प्रतीवर ‘लक्षात’. आणि अक्षराशी अक्षर ताडून पाहणाऱ्या यंत्राच्या लेखी ही दोन भिन्न पुस्तके ठरण्याचा संभव असतो. माझे मत असे, की मुख्य रकान्यात छापील रूप जसेच्या तसे ठेवावे, कारण तो त्या आवृत्तीचा पुरावा आहे, आणि टिपणाच्या रकान्यात आजचे रूप द्यावे, म्हणजे शोधणारा कोणत्याही वाटेने आला तरी पोहोचेल.

हे श्रम केवळ आपल्या सोयीपुरते मानू नयेत, असे मला मनापासून वाटते. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली, तेव्हा असे साहाय्यक यंत्र कोठे होते? त्या कार्यात आज प्रत्येक घराला थोडी भर घालता येते, कारण एखाद्या जुन्या आवृत्तीची महाजालावरील एकमेव नोंद आपल्याच हातची असण्याचा पुष्कळ संभव आहे. म्हणूनच कामाचा क्रम रूढ प्रघाताच्या उलट धरावा: ज्यांवर क्रमांक नाही, ज्यांची जिल्द सुटली आहे, त्या पुस्तकांपासून आरंभ करावा, शीर्षकपृष्ठाचे छायाचित्र नोंदीस जोडावे, आणि झालेल्या कामाची फाइल अधूनमधून उतरवून घेऊन दुसऱ्या ठिकाणीही ठेवावी. बारकोड असलेली नवी पुस्तके घरातील मुलेही सुटीत सहज उरकतील.