हंगाम संपल्यावर : स्पेनमधील शिकारी कुत्र्यांचे पुनर्वसन

सर्व्हांतेस यांच्या ‘डॉन किहोते’ या कादंबरीचा पहिला भाग १६०५ साली प्रसिद्ध झाला. आरंभीच्याच वाक्यात नायकाच्या घरी असलेला भाला, जुनी ढाल, रोडका घोडा आणि चपळ शिकारी कुत्रा यांचा उल्लेख येतो. घोड्याला पुढे नाव मिळाले, कीर्तीही मिळाली. कुत्र्याचे काय झाले, हे मात्र कादंबरी सांगत नाही. वर्गात मी या ग्रंथाविषयी अनेकदा बोललो; पण हा प्रश्न मला पडला तो निवृत्तीनंतर, जर्मनीत मुलीच्या घरी राहावयास गेलो तेव्हा.

तिने स्पेनमधून आणलेली एक कुत्री पाळली होती. या जातीचे नाव ‘गाल्गो’. लांबट तोंड, खोल छाती, आत ओढलेले पोट पाहून आपल्या मुधोळच्या कारवानी कुत्र्याचीच आठवण व्हावी. दोघेही वासापेक्षा नजरेच्या आधारे शिकार करणारे.

स्पेनच्या मोकळ्या शेतांतून गाल्गोकडून सशांची शिकार करविली जाते. जानेवारीच्या अखेरीस हंगाम सरतो. जे कुत्रे मंद ठरले, जखमी झाले वा म्हातारे झाले, त्यांना पुढील हंगामापर्यंत पोसणे अनेक मालकांना परवडत नाही किंवा नकोसे वाटते. नवी पिल्ले सहज मिळतात. मग त्यांना रस्त्यावर सोडून दिले जाते; काहींना झाडाला फास लावून मारल्याच्याही नोंदी आहेत. २०२३ साली स्पेनने प्राणिकल्याणाचा नवा कायदा केला, परंतु शिकारी कुत्र्यांना त्यातून वगळले. क्रौर्याबद्दल फौजदारी शिक्षा आहे. तथापि नव्या कायद्याचे छत्र त्यांच्या वाट्याला आले नाही.

हे काम आता स्वयंसेवी संस्था करतात. सापडलेल्या कुत्र्याच्या कातडीखाली ओळखीची चिप बसवितात, रेबीजची लस देतात आणि २१ दिवसांनंतरच त्याला परदेशी धाडतात. वाळूमाशीमुळे होणाऱ्या, आपल्याकडील काळ्या आजाराच्या गोत्रातील एका रोगासाठी रक्तही तपासतात. जर्मनी, नेदरलँड्स, बेल्जियम अशा देशांतील कुटुंबे त्यांना स्वीकारतात.

खरी कसोटी यानंतरची. गाल्गोचे डोके मानेहून अरुंद असल्याने साधा पट्टा निसटतो. म्हणून रुंद पट्टा व छातीभोवती दुसरा बंद आवश्यक असतो. अंगावर चरबी कमी असल्याने त्याला थंडी बाधते. भुलीची काही औषधे त्याच्या शरीरातून सावकाश उतरतात, हे पशुवैद्याला ठाऊक असावे लागते. मांजर दिसताच तो धावतो, हाक ऐकू येत नाही. जिना आणि काचेचे दार कित्येकांनी पूर्वी पाहिलेलेच नसते.

मुलीची कुत्री झाडू उचलला की जमिनीला चिकटून बसे. संस्थेने सांगितले होते : बोलावू नका, डोळ्यांत पाहू नका, नुसते जवळ बसा. मी रोज त्या खोलीत वर्तमानपत्र वाचीत बसू लागलो. अठराव्या दिवशी, मी तेथे असतानाच, ती जेवली. एवढ्याला किती काळ लागतो, हे मला तेव्हा उमगले. सुटका एका दिवसात होते. विश्वास परत यावयास महिने लागतात.

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीला आळा बसला आणि कारवानीचे जुने काम हळूहळू संपले. २००५ साली मुधोळच्या कुत्र्याचे चित्र टपाल तिकिटावर आले, ही अभिमानाची गोष्ट. परंतु केवळ प्रतिष्ठेसाठी पिल्लू घरी आणणाऱ्याने दहा-बारा वर्षांच्या पोसण्याचा हिशेब आधी करावा. ज्याच्याकडून सेवा घेतली, त्याचे अन्न सेवा संपली म्हणून बंद करता येत नाही. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या मजसारख्याला हे निराळे सांगावे लागत नाही.