हरवलास तर हितंच थांब

जत्रा येरमाळ्याची असो नाहीतर संगणकावरच्या खेळांची, लहान मुलाला गर्दीत नेणाऱ्या माणसाची परीक्षा एकच असते. आपण जत्रा बघायला आलो आहोत की मुलाला घेऊन आलो आहोत?

चैत्री पौर्णिमा जवळ आली, की आमच्या धाराशिव जिल्ह्यात घरोघरी लगबग सुरू होते. येरमाळ्याच्या येडेश्वरीची यात्रा! पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी देवीची पालखी डोंगरावरून उतरते आणि चुन्याच्या रानात येते. तिथं लाखो माणसं वाकून चुनखडीचे खडे वेचतात. म्हाताऱ्याकोताऱ्या, नवे जोडपे, कडेवरची पोरं, सगळ्यांच्या मुठीत पांढरे खडे. मग पालखी आमराईत मुक्कामाला जाते आणि भोवतालची जत्रा रात्रंदिवस गजबजते.

१९८८ साली मी सहा वर्षांचा होतो. आजीबरोबर यात्रेला निघालो, तेव्हा तिनं माझ्या चड्डीच्या खिशात एक घडी घातलेला कागद ठेवला. त्यावर वडिलांचं नाव आणि गाव. आजीला लिहिता येत नव्हतं. तिनं तो शेजारच्या मास्तरांकडून लिहून घेतला होता. वर तोंडी ताकीद दिली, "हरवलास तर हितंच थांब. जिथं हायस तिथंच. हलू नगंस. मीच येती तुला हुडकीत."

आणि मी हरवलो. बंदुकीनं फुगे फोडायच्या गाड्यापाशी रेंगाळलो आणि आजीचं बोट सुटलं. किती वेळ गेला, सांगता येत नाही. सहा वर्षांच्या पोराला पाच मिनिटंही जन्माएवढी वाटतात. पण सांगितलं होतं म्हणून हललो नाही. रडू गिळत उभा राहिलो आणि शेवटी माणसांच्या पायांमधून आजीच्या लुगड्याचा हिरवा काठ दिसला.

आजी रागावली नाही. ती माझ्याशेजारी चक्क उकिडवी बसली आणि म्हणाली, "काय बघत हुतास, मला बी दाव." मग आम्ही दोघांनी बराच वेळ ते फुगे फुटताना पाहिले. त्या यात्रेतलं बाकीचं पुष्कळसं मी विसरलो. आजीचं ते शेजारी बसणं मात्र विसरलो नाही.

हैदराबादचं आमंत्रण

ही आठवण इतक्या वर्षांनी वर यायचं कारण म्हणजे आमचा थोरला. वय वर्षं नऊ. २०२४ च्या दिवाळीनंतर एके दिवशी तो जेवता जेवता म्हणाला, "पप्पा, हैदराबादला गेमचं लई मोठं संमेलन आहे. जायचं का?"

मला आधी हसू आलं. आमच्या लहानपणी गेम म्हणजे गल्लीतलं पार्लर, तासावर भाडं आणि टीव्हीवर उड्या मारणारा मिशीवाला मारिओ. घरी कळलं की पाठीत धपाटा. आता त्या खेळांची संमेलनं भरतात आणि पोरगं उघडपणे बापाला घेऊन जायला सांगतं!

चौकशी केली तेव्हा कळलं, की प्रकरण लहान नाही. स्वीडनमध्ये मालुंग नावाचं एक छोटं गाव आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या शाळेच्या तळघरात काही मित्र आपापले संगणक उचलून आणायचे, तारांनी जोडायचे आणि रात्रभर खेळायचे. १९९४ साली या मेळाव्याला 'ड्रीमहॅक' हे नाव पडलं. पुढे तो इतका वाढला, की हजारो मुलं आपले संगणक घेऊन एका छपराखाली जमू लागली. भारतात तो २०१८ च्या डिसेंबरात मुंबईत, गोरेगावच्या नेस्को संकुलात, पहिल्यांदा भरला. नंतर मुक्काम हैदराबादला हलला आणि २०२४ साली १५ ते १७ नोव्हेंबर असे तीन दिवस हायटेक्सच्या दालनांत तो 'कॉमिक कॉन' या चित्रकथांच्या मेळाव्याच्या जोडीनं भरणार होता.

हैदराबाद आमच्याकडच्या माणसांना परकं नाही. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. आजही नळदुर्ग-उमरग्याकडची माणसं दवाखान्यासाठी आणि खरेदीसाठी तोच रस्ता धरतात. धाराशिवहून तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा, जहिराबाद करत गेलं, तर तीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर पडतं.

विरोध घरातूनच झाला. "इथं मोबाइल हातातून काढून घ्यायचा आणि तिकडं पैसे खर्चून त्याच खेळांच्या जत्रेत न्यायचं? पोरानं काय समजायचं?" सौभाग्यवतींचा मुद्दा बिनतोड होता. मी म्हणालो, "तो जे रोज चोरून बघतो, ते एकदा आपल्याबरोबर उघड्यावर बघू दे." बरीच भवति न भवति झाली आणि अटी ठरल्या. सकाळी लवकर जायचं, दुपारी बाहेर पडायचं. कुठं जायचं ते मुलांनी ठरवायचं. आणि सहा वर्षांची धाकटीही येणार, कारण दादाला मिळालं ते तिलाही मिळालंच पाहिजे.

पोटाएवढ्या उंचीवरून

दारातून आत शिरलो आणि आवाज भिंतीसारखा अंगावर आला. भलेमोठे पडदे, निवेदकांचा आरडाओरडा, रंगीत दिव्यांचे झोत, संगणकांच्या रांगाच्या रांगा. चिलखतं, पंख, लाकडी तलवारी लावून हिंडणारी तरुण मुलंमुली. थोरल्याचे डोळे विस्फारले. धाकटीनं मात्र दोन्ही कानांवर हात ठेवले.

तिथं मला पहिला धडा मिळाला. आम्ही मोठी माणसं पडदे बघत होतो, पण तिच्या उंचीवरून पडदे दिसतच नव्हते. तिला दिसत होत्या कमरा, पट्टे आणि पाठीवरच्या पिशव्या. त्या पिशव्या नेमक्या तिच्या तोंडाशी येत होत्या. मी खाली वाकून पाहिलं, तेव्हा मलाही तसंच दिसलं.

आवाजाचंही तेच. आठवड्याचे चाळीस तास ऐकायला मोठ्यांसाठी ८० डेसिबलपर्यंतचा आवाज चालतो, मुलांसाठी मात्र ७५ पर्यंतच, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मोजमाप सांगतं. आवाज जितका चढेल, तितके हे तास झपाट्यानं कमी होतात. म्हणजे आपल्याला 'जरा मोठा' वाटणारा आवाज लेकराच्या कानाला जाच असतो. सौभाग्यवतींनी कानपट्टी घरून आणली होती. ती बांधल्यावर धाकटीनं हात खाली घेतले.

थोरला रांगेत उभा राहिला. पाऊण तास उभं राहून त्याला खेळायला मिळालं जेमतेम दहा मिनिटं. मला वाटलं, चिडेल. पण तो मोठ्या स्पर्धेच्या मंचाकडे वळला. तिथं पाच-पाच जणांचे संघ कानाला यंत्रं लावून समोरासमोर बसले होते. कोण कुठं गेलं, कोणी कोणाला वाचवायचं, हे ते एकमेकांना सतत सांगत होते. हरलेला संघ उठला आणि जिंकलेल्यांशी हात मिळवून निघून गेला. "पप्पा, हे कुणीच आरडाओरडा करून रिमोट फेकत नाहीत," तो म्हणाला. मी काही बोललो नाही. आमच्या घरातला फुटलेला रिमोट आम्हा दोघांनाही आठवला असणार.

नंतर मीच त्या सामन्यात गुंतलो. नियम कळत नव्हते, तरी गुंतलो. सौभाग्यवती पाण्याची बाटली भरायला गेल्या होत्या. धाकटीचं बोट माझ्या हातात होतं आणि एका क्षणी ते नव्हतं.

आठ मिनिटं

या आठ मिनिटांविषयी फार लिहिण्यासारखं नाही. ज्याचं मूल गर्दीत सुटलं आहे, त्याला सांगायला नको आणि ज्याचं सुटलेलं नाही, त्याला सांगून कळणार नाही. मी हाका मारत होतो आणि माझी हाक मलाच ऐकू येत नव्हती.

ती सापडली ती आम्ही आधी उभे होतो त्या खांबापासून वीस पावलांवर. हलली नव्हती. निघताना मी आजीचंच वाक्य तिला सांगितलं होतं, खिशात माझा नंबर लिहिलेला कागदही ठेवला होता. तिच्याशेजारी पुठ्ठ्याचे पंख लावलेली एक कॉलेजातली मुलगी बसली होती. दखनी वळणाच्या हिंदीत ती मला म्हणाली, की ही म्हणते पप्पा येईपर्यंत हलायचं नाही, म्हणून मीही थांबले.

तोंडावर रागाचे शब्द आलेच होते. पण चूक तिची नव्हती, माझी होती. मी खाली बसलो आणि विचारलं, "काय बघत होतीस?"

तिनं बोट दाखवलं. त्या मुलीचा एक पंख मोडला होता आणि ती चिकटपट्टीनं तो सांधत होती. एवढ्या झगमगाटात आमच्या लेकीला जिंकलं होतं ते या कामानं. पुढचा अर्धा तास आम्ही चौघं तिथंच जमिनीवर बसलो. पुठ्ठा कसा कापायचा, वाकवताना आतून रेघ कशी ओढायची, रंग कधी द्यायचा, सगळं त्या मुलीनं समजावून सांगितलं. मग डबा उघडला, दशम्या खाल्ल्या आणि ठरल्याप्रमाणे दुपारी बाहेर पडलो. निम्म्याहून अधिक जत्रा बघायची राहिली. मुलांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

नेणाऱ्यांसाठी चार गोष्टी

जगात अशी संमेलनं मोठी झाली, तसा तिथल्या लोकांनी मुलांचा विचारही केला. जर्मनीत कोलोन शहरात दरवर्षी 'गेम्सकॉम' भरतं. २०१९ साली तिथं ३ लाख ७३ हजार माणसं आली होती. तिथं वयाप्रमाणे वेगळ्या रंगाच्या मनगटपट्ट्या देतात आणि अठरा वर्षांवरच्यांचे खेळ आडोशाआड ठेवतात. टोकियोच्या गेम शोमध्ये मुलं आणि त्यांचे पालक यांच्यासाठी वेगळा विभाग राखून ठेवलेला असतो. जर्मनीतच एसेन शहरात १९८३ पासून पटावरच्या खेळांचा मेळा भरतो. तिथं पडदा नाही. आईबाप आणि मुलं एका टेबलाभोवती बसून सोंगट्या हलवतात. ज्यांची मुलं अगदी लहान आहेत, त्यांनी असेच कोपरे शोधावेत.

वयाचा आकडा पाहायची सवय आपणही लावून घ्यावी. मोबाइलवर खेळ उतरवून घेताना त्याच्यापाशी ३, ७, १२, १६ किंवा १८ असा आकडा लिहिलेला असतो. आपण तो बघतच नाही. डोळ्यांवर बांधायच्या आभासी दुनियेच्या यंत्रांनाही मर्यादा आहेत. मेटा कंपनी दहा वर्षांखालच्या मुलांना ते देऊ नका म्हणते, प्लेस्टेशनच्या यंत्राला बारा वर्षांची अट आहे. धाकटीनं हट्ट धरला तरी आम्ही ते लावू दिलं नाही. आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसाकाठी एका तासाहून जास्त पडद्यासमोर बसू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलं आहे. म्हणून पाच वर्षांच्या आतल्या लेकराला अशा ठिकाणी नेऊच नये, असं माझं मत झालं आहे.

बाकीचं सारं आपल्या आज्या आधीच सांगून गेल्या. खिशात चिठ्ठी. भडक रंगाचा सदरा, म्हणजे लांबून ओळखता येतो. पोटात काहीतरी घालून निघणं. ऊन आणि गर्दी चढायच्या आत पोचणं, लेकरू पेंगायच्या आत परतणं. आणि हरवलं तर शोधत हिंडायचं ते मोठ्यानं, लहानानं नाही.

पुन्हा चुन्याच्या रानात

परतताना उमरग्याच्या अलीकडेच दोघंही झोपली. पुढचे कितीतरी रविवार आमच्या घरात खोक्यांचे पुठ्ठे, डिंक आणि कात्री यांचं राज्य होतं. थोरल्यानं चिलखत केलं, धाकटीनं पंख. मोबाइल सुटला, असं मी म्हणणार नाही. पण रविवारी दुपारी तो कोपऱ्यात पडलेला असायचा आणि कुणी मागायचं नाही, हे खरं.

२०२५ च्या चैत्रात दोघांना येरमाळ्याला नेलं. चुन्याच्या रानात धाकटी खाली बसून एकेक खडा निरखून वेचत होती. तिला मधेच उठवायची घाई मी केली नाही, शेजारीच बसलो. मूठ भरल्यावर तिनं खिशातून एक घडी घातलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला. वेड्यावाकड्या अक्षरांत तिनं स्वतःचं नाव आणि आईचा नंबर लिहिला होता.

"हा तुमच्या खिशात ठेवा," ती म्हणाली. "आणि पप्पा, तुम्ही हरवलात ना, तर तिथंच थांबा. मी येते."