पुलाव की श्रीखंड?

समजा, हिंजवडीच्या एका शाळेची ४८ मुले महाबळेश्वरच्या सहलीला गेली. रात्रीच्या जेवणानंतर तीन-चार तासांतच उलट्या सुरू झाल्या आणि पहाटेपर्यंत २७ मुले आजारी पडली. बरोबरच्या सरांनी आजारी मुलांना विचारले, काय खाल्ले होते? २७ पैकी २५ जणांनी पुलाव खाल्ला होता. झाले, पुलाव दोषी ठरला!

पण ठणठणीत राहिलेल्या २१ मुलांना कोणी विचारलेच नाही. त्यांतल्या २० जणांनीही पुलाव खाल्ला होता. म्हणजे पुलाव खाणाऱ्या ४५ पैकी २५, सुमारे ५६ टक्के, आजारी पडले. न खाणाऱ्या तिघांपैकीही दोघे पडलेच. आता श्रीखंड पाहा. ३० जणांनी ते खाल्ले, त्यांतले २४ आजारी, म्हणजे ८० टक्के. न खाणाऱ्या १८ जणांत आजारी फक्त ३, म्हणजे १७ टक्के. (आकडे कल्पित आहेत, वर्गात फळ्यावर मांडून पाहावेत.) ते तीन मात्र सोयीसाठी खोडू नयेत. एखाद्याने मित्राच्या वाटीतले चाटले असेल आणि विसरला असेल.

घड्याळही साक्ष देते. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू पदार्थातच विष तयार करून ठेवतो, म्हणून उलट्या साधारण १ ते ६ तासांत होतात. नोरोविषाणूला १२ ते ४८ तास लागतात. तेव्हा शेवटच्या जेवणावर आळ घेऊन चालत नाही, आदल्या दिवसापर्यंत मागे जावे लागते. आकड्यांनी संशय बळावतो. खात्री प्रयोगशाळेत होते. म्हणून उरलेले श्रीखंड घाईघाईने फेकू नये, झाकून थंड जागी ठेवावे आणि आरोग्य केंद्राला कळवावे.

कधी मात्र स्वयंपाकी अगदीच निर्दोष असतो. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातील मुलींचा फुटबॉल संघ सामन्यांसाठी परगावी गेला होता. एक मुलगी रात्री आजारी पडली. ती बरोबरच्या बाईंच्या खोलीत होती, मैत्रिणींशी तिचा संपर्क नव्हता. सकाळी बाई तिला घरी घेऊन गेल्या. तरीही नंतर आणखी सात जणी आजारी पडल्या. किंबर्ली रेप आणि विल्यम कीन यांनी प्रत्येकीला विचारले, तेव्हा संशय बिस्किटांवर आला. कारखान्यातली बंद पाकिटातली बिस्किटे! पाकिटे एका पिशवीत होती आणि ती पिशवी रात्रभर त्याच स्नानगृहात होती. मुलीने पिशवीला हातही लावला नव्हता. उलटीबरोबर हवेत उडालेले सूक्ष्म थेंब पिशवीवर बसले होते. दोन आठवड्यांनंतरही पिशवीच्या बाजूंवर नोरोविषाणूचा अंश सापडला.

बसमध्ये कोणी ओकले, तर आपण वर्तमानपत्राने पुसून पुढे निघतो. तिथे ब्लीचचे पाणी हवे, जवळचे उघडे खाऊ बाजूला काढायला हवेत आणि हात साबणाने धुवायला हवेत. सॅनिटायझर या विषाणूपुढे फारसा चालत नाही.